कोल्चिसीन-सायक्लोस्पोरिन स्नायुविकार

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या रुग्णाला गाऊटसाठी कोल्चिसीन दिल्यास स्नायूंना, आणि पुष्कळदा नसांनाही, होणारी इजा. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन देतात. पण त्यामुळे लघवीवाटे युरिक ॲसिड कमी बाहेर पडते आणि गाऊट उद्भवतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाला धोका असतो. म्हणून कोल्चिसीनकडे वळणे स्वाभाविक ठरते, आणि इथेच घात होतो.

कोल्चिसीन शरीराबाहेर पडते ते मुख्यतः यकृतातील सीवायपी३ए४ हे विकर, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पेशीतला पंप आणि मूत्रपिंड यांच्यामार्फत. सायक्लोस्पोरिन पहिल्या दोन्ही वाटा अडवते. प्रत्यारोपित मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमताही बहुधा पूर्ण नसते. त्यामुळे एरवी निर्धोक वाटणारी मात्रा पेशींत साठत जाते. पेशीच्या आत वाहतुकीसाठी ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका असतात. कोल्चिसीन त्या बांधू देत नाही. टाकाऊ द्रव्याचा निचरा थांबतो आणि स्नायुतंतूंत पोकळ्या दिसू लागतात. आर. डब्ल्यू. कुंकल व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये कोल्चिसीनमुळे होणाऱ्या या स्नायू-नसांच्या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

सुरुवात मांड्या आणि खांद्यांपासून होते. खाली बसल्यावर उठवत नाही, जिना चढवत नाही, केस विंचरताना हात वर राहत नाहीत. सोबत बधिरपणा असू शकतो. हा अशक्तपणा वयाच्या, आजारपणाच्या किंवा प्रत्यारोपणानंतर चालू असलेल्या स्टेरॉइडच्या माथी मारला जातो, हे फार दुर्दैवी आहे. कारण रक्तातील क्रिएटिन कायनेजची साधी तपासणी बरेच काही सांगून जाते. स्टेरॉइडजन्य अशक्तपणात हे प्रमाण सहसा वाढत नाही, इथे ते बहुधा कित्येक पटींनी वाढलेले असते.

उपाय म्हणजे कोल्चिसीन बंद करणे. ते पेशींत घट्ट बसत असल्याने डायलिसिसने निघत नाही. औषध वेळीच थांबवल्यास ताकद बहुधा काही आठवड्यांत परतू लागते. नसांची इजा भरून यायला अधिक काळ लागतो. गाऊटचा झटका आल्यास थोडे दिवस स्टेरॉइड वाढवणे किंवा सांध्यात इंजेक्शन देणे, हे पर्याय डॉक्टर वापरतात. सायक्लोस्पोरिन मात्र रुग्णाने स्वतःहून कधीच बंद करू नये.

महाराष्ट्रात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते, त्यामुळे अशा रुग्णांनी सांधेदुखीसाठी तिची घरगुती औषधेही टाळावीत.

कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन औषधेही सायक्लोस्पोरिनमुळे रक्तात वाढतात, आणि स्नायू विरघळून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून सिमव्हास्टॅटिन सायक्लोस्पोरिनसोबत देत नाहीत आणि रोसुव्हास्टॅटिनची मात्रा अमेरिकेत दिवसाला 5 मिलिग्रॅमपुरती मर्यादित ठेवली आहे. फ्लुव्हास्टॅटिनचा अभ्यास अलर्ट या चाचणीत 2,102 मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्णांवर झाला. तिचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्चिसीन आणि स्टॅटिन दोन्ही चालू असतील तर धोका आणखी वाढतो.