उरलेले दिवस ठेवायचे कुठे?

नांदेड-लातूर भागातल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर 'फसली 1340' असा आकडा दिसला की विद्यार्थी गोंधळतात. हा सन शकाचाही नाही आणि इसवीचाही नाही. पण कालगणना का सुधारावी लागते, याचा उत्तम धडा या आकड्यात आहे, असे आम्हाला वाटते.

हिजरी वर्ष चांद्र असते. ते सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. पीक मात्र सूर्याच्या चालीने येते. शेतसारा हिजरी वर्षाने घेतला, तर 32 सौर वर्षांत शेतकऱ्यावर 33 वेळा सारा भरायची पाळी येणार! म्हणून अकबराच्या काळात महसुलासाठी सौर मानाचा फसली सन सुरू झाला. फसल म्हणजे पीक. दख्खनमध्ये तो शाहजहानच्या काळात, 1636 मध्ये आला. तेव्हा हिजरी 1046 चालू होते, म्हणून इथल्या फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळतो (जानेवारीनंतर 591). निजामाच्या राज्यात सरकारी कारभार याच सनाने चाले. अखेरच्या काळात वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्याने सुरू होई. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, तेव्हा फसली 1357 सरत आले होते.

दिवस, महिना, आठवडा आणि वर्ष यांचा एकमेकांना नि:शेष भाग जात नाही, हे सगळ्या कालगणनांचे मूळ दुखणे. सौर वर्ष सुमारे 365.2422 दिवसांचे. त्यातून 52 आठवडे वजा केले, तरी सव्वा दिवस उरतो. ही शिल्लक ठेवायची कुठे? आपले पंचांग चांद्र आणि सौर वर्षांतला फरक साठवते आणि साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास घालते. इंग्रजी कॅलेंडर उरलेला पाव दिवस साठवून 29 फेब्रुवारी घालते, पण आठवड्याची शिल्लक तशीच सोडते. म्हणून दर वर्षी तारखांचे वार बदलतात.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने 1952 मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सदस्य होते. 22 मार्च 1957 रोजी, म्हणजे 1 चैत्र 1879 ला सुरू झालेले राष्ट्रीय सौर पंचांग ही या समितीची देणगी. साहांचा आग्रह आणखी एका सुधारणेसाठी होता, ती म्हणजे 'जागतिक कॅलेंडर'. यात वर्षाचे 91 दिवसांचे चार समान भाग होते आणि उरलेल्या 365 व्या दिवसाला वारच नव्हता! भारताने 1953 मध्ये हा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. 1956 मध्ये तो बेमुदत पुढे ढकलला गेला.

अडचण त्या बिनवाराच्या दिवसाची होती. शनिवारचा शब्बाथ, शुक्रवारची नमाज, रविवारची प्रार्थना यांची सात दिवसांची साखळी तुटणार होती. आपल्याकडचे साधे उदाहरण आठवडी बाजाराचे. व्यापारी सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी पाल ठोकतो. मधेच बिनवाराचा दिवस आला, तर त्या दिवशी त्याने कुठे जायचे?

यावर दुसरा उपाय आहे: दिवस न वाढवता अख्खा आठवडाच वाढवायचा. आइसलंडच्या लोकांनी दहाव्या शतकात हेच केले. त्यांचे वर्ष 52 आठवड्यांचे, 364 दिवसांचे होते. ऋतू आणि तारखा यांची फारकत होते हे ध्यानात आल्यावर, थोरस्टाईन सुर्त याच्या सूचनेवरून त्यांनी दर सातव्या वर्षी एक आठवडा जास्त धरला. अलीकडे अमेरिकेतल्या हँकी आणि हेन्री या दोन प्राध्यापकांनीही दर पाच-सहा वर्षांनी डिसेंबरअखेर अधिक आठवडा घालणारे कॅलेंडर सुचवले आहे. ही जणू अधिक मासाचीच धाकटी बहीण!

गणितही सुबक आहे. इंग्रजी कॅलेंडरच्या 400 वर्षांत 146097 दिवस असतात. त्यांना 7 ने भागा. बरोबर 20871 आठवडे येतात, बाकी शून्य. 400 वर्षांचे प्रत्येकी 52 प्रमाणे 20800 आठवडे वजा केले की 71 उरतात. म्हणजे 400 वर्षांत 71 अधिक आठवडे घातले की झाले. प्रत्येक तारखेचा वार कायमचा ठरेल. शाळेचे वेळापत्रक एकदाच छापावे!

मग हे का स्वीकारले जात नाही? कारण शिल्लक नाहीशी होत नाही, तिची फक्त जागा बदलते. आज मृग नक्षत्र 7 किंवा 8 जूनला लागते. नव्या कॅलेंडरात ते दर वर्षी एक-दोन दिवस पुढे सरकेल आणि अधिक आठवडा आला की एकदम मागे येईल. बाजारकऱ्याची सोय होईल, पण पेरणीवाल्याचा हिशेब हलेल. फसली सन रुजला, कारण त्याने सारा आणि सुगी यांची गाठ घातली. म्हणून कोणतीही नवी कालगणना पुढे आली की आम्ही आधी विचारतो: हिची शिल्लक कोणाच्या पदरात पडते?

वर्गात एक उपक्रम करून पाहा. 364 दिवसांचे वर्ष धरून पुढच्या दहा वर्षांत आपल्या गावचा बाजार, मृग आणि प्रत्येकाचा वाढदिवस कुठे येतो, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. आणि घरी जुने कागद असतील, तर त्यावरचा फसली सन शोधायला सांगा.