बॅटरीतील पापुद्रा आणि उप्सालाचे क्ष-किरण

१/ लिथियम-आयन बॅटरी वर्षानुवर्षे टिकते, याचे बरेचसे श्रेय एका पापुद्र्याला जाते. तो कोणी लावलेला नसतो. पहिल्या चार्जिंगच्या वेळी इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून तो आपोआप तयार होतो. त्याची जाडी मोजायची ती नॅनोमीटरमध्ये! मात्र त्याचा शोध घेणारी विद्या बॅटरीसाठी जन्मलीच नव्हती. तिचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १८८७. अतिनील प्रकाश पडला की विद्युत ठिणगी अधिक सहज उडते, हे हर्ट्झ यांच्या ध्यानी आले. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी कारण सांगितले : प्रकाशाचा कण आपली ऊर्जा इलेक्ट्रॉनला देऊन त्याला बाहेर काढतो. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली, की तो अणूत किती घट्ट बांधलेला होता, हे कळते.

३/ हे मोजमाप अचूक केले स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात काय सीगबान यांनी. वडील मान्ने यांना क्ष-किरणांवरील कार्यासाठी १९२४ चे नोबेल मिळाले होते. १९५४ मध्ये काय यांच्या गटाने साध्या मिठाचा सुस्पष्ट वर्णपट मिळवला.

४/ १९६४ मध्ये सोडियम थायोसल्फेट तपासताना गंधकाच्या एका रेषेऐवजी दोन दिसल्या. रेणूतील दोन गंधक-अणूंचे शेजारी निराळे, म्हणून त्यांची ऊर्जाही निराळी. अणू कोणता, एवढेच नव्हे, तर तो कोणाच्या संगतीत आहे, हेही आता समजू लागले. १९८१ चे नोबेल या कार्याला मिळाले.

५/ इकडे बॅटरीचे कोडे वेगळे होते. लिथियमला स्पर्श होताच इलेक्ट्रोलाइट विघटित होतो. मग बॅटरी चालते कशी? १९७९ मध्ये इमॅन्युएल पेलेड यांनी उपपत्ती मांडली : विघटनातून बनलेला थर लिथियम आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनांना मात्र अडवतो. त्यामुळे पुढील विघटन मंदावते. हाच ‘एसईआय’.

६/ प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये ग्राफाइटचे थर सुटून येत. त्याच्याहून एका मिथाइल गटाने लहान असलेल्या इथिलीन कार्बोनेटमध्ये संरक्षक पापुद्रा बनतो, हे १९९० मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवले. सोनीची लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली.

७/ येथे उप्सालाची विद्या कामी आली. नमुन्याच्या वरच्या सुमारे १० नॅनोमीटरमधीलच इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता बाहेर पडतात. म्हणजे नेमका पापुद्राच बोलतो! इलेक्ट्रोलाइटच्या मिठातील फ्लोरिन आणि लिथियम फ्लोराइडमधील फ्लोरिन यांच्या रेषा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टने वेगळ्या पडतात.

८/ परंतु साधनाची चिकित्सा इतिहासकाराप्रमाणे येथेही करावी लागते. उपकरणात निर्वात लागते आणि त्यात द्रावक उडून जातो. नमुना धुतला, तर पापुद्र्याचा काही भाग विरघळू शकतो. दमट हवा लागली, तर मीठ बिघडते. दीर्घकाळ पडलेले क्ष-किरणही रचना बदलू शकतात. पुरावा वाचता वाचताच तो पुसला जाण्याचे हे भय आहे.

९/ द्रवाची वाट स्वतः काय आणि त्यांचे पुत्र हान्स यांनी १९७३ मध्येच दाखवली होती : निर्वातात द्रवाची बारीक धार सोडून तिचाच वर्णपट घ्यायचा. आज बॅटरी आर्गॉन भरलेल्या पेटीत उघडतात आणि नमुना हवा न लागू देता उपकरणात नेतात. तरीही दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर पहिला प्रश्न हाच असतो : नमुना कशाने धुतला, आणि त्यावर किरण किती वेळ पडले?