बर्फात सुट्टीचे घर

डोंगरातले घर काढायला सांगितले की मुले उतरत्या छपराचेच घर काढतात. कोकणातल्या कौलारू घरांमुळे आपल्याही डोळ्यांसमोर तेच चित्र येते. पावसाचे पाणी चटकन ओघळून जावे हा त्यामागचा हेतू. बर्फाच्या प्रदेशात तर छप्पर अधिकच उभे असेल, असा आपला तर्क असतो. पण फ्रान्समधील आल्प्स पर्वतात, सावोय प्रांतातली जुनी शेतकरी घरे पाहिली तर बहुतेकांची छपरे रुंद आणि बेताच्याच उताराची दिसतात. बर्फ घसरून जावा अशी त्या शेतकऱ्याची इच्छाच नव्हती! भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. म्हणजे छपरावरचा बर्फ ही घरावर पांघरलेली गोधडीच.

अर्थात ही गोधडी जड असते. दबून बसलेल्या बर्फाच्या एका घनमीटरचे वजन ३०० किलोग्रॅमपर्यंत भरू शकते. १०० चौरस मीटर छपरावर असा मीटरभर थर साचला तर किती ओझे होईल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर ३० टन येईल. म्हणूनच तिथल्या तुळया एवढ्या जाड असत. तळमजल्यावर गुरे, वर गवताचा साठा आणि खिडक्या अगदी लहान. हिवाळाभर आत दडून राहण्यासाठीच हे घर बांधलेले होते.

विसाव्या शतकात याच डोंगरात सुट्टीसाठी माणसे येऊ लागली, आणि ती बर्फात खेळायला येत. घराचा उद्देशच उलटा झाला. आधी श्रीमंत आले. १९२०च्या दशकात मजेव्ह या गावी वास्तुकार आंरी-झाक ल मेम यांनी त्यांच्यासाठी जुन्या शेतघराच्या धर्तीवर, पण मोठ्या खिडक्यांचे बंगले बांधले. मग १९३६ साली फ्रान्समध्ये कायदा झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आता डोंगरावर सामान्य माणसालाही निवारा हवा होता, आणि तो स्वस्त हवा होता.

हा प्रश्न शार्लोत पेरियां (१९०३–१९९९) यांनी मनावर घेतला. त्यांच्या आजी-आजोबांचे घर सावोयमधले, आणि त्या स्वतः गिर्यारोहक. १९२७ साली त्या ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम मागायला गेल्या, तेव्हा इथे उशांवर भरतकाम चालत नाही, अशा अर्थाचे उत्तर ऐकून परतल्या होत्या. त्याच वर्षी त्यांची प्रदर्शनातली मांडणी पाहून ल कॉर्बुझिए यांनीच त्यांना बोलावून घेतले.

१९३७च्या सुमारास पेरियां यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची, पोलादी नळ्यांच्या पायांवर उभी राहणारी छोटी खोली तयार केली. तिचे सुटे भाग वर वाहून न्यायचे आणि तिथेच जोडायचे. १९३८ साली पिएर जानरे यांच्यासह (पुढे चंडीगढच्या उभारणीत राबले ते हेच) त्यांनी बारा बाजूंच्या पिंपासारख्या आसऱ्याचा आराखडा केला. पिंपच का? समजा, जमिनीचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर आहे. चौरस खोलीची परिमिती सुमारे १३.९ मीटर येते, तर बारा बाजूंच्या खोलीची १२.४. भिंत जवळजवळ एक-दशांशाने कमी झाली, म्हणजे साहित्य कमी, वाहायचे ओझे कमी आणि बाहेर निसटणारी उष्णताही कमी. वर्गात भूमिती शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही. पण लगेच महायुद्ध आले आणि पिंप कागदावरच राहिले. त्याची पूर्णाकृती बांधली गेली ती २०१२ साली.

आठ-दहा माणसांचा आसरा करणाऱ्या पेरियांकडे १९६७पासून हजारोंच्या मुक्कामाचे काम आले. सावोयमध्येच 'लेझार्क' ही बर्फातील क्रीडावसाहत वसवायची होती. तिची गावे त्यांच्या उंचीच्या मीटरांनी ओळखली जातात: १६०० (१९६८), १८०० (१९७४) आणि २००० (१९७९). सुटे बंगले विखरून डोंगर खाण्यापेक्षा घरे लांब इमारतींत एकत्र करून उतारालाच टेकवावीत, असे पेरियां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले. या अक्षांशावर (सुमारे ४५.५°) डिसेंबरअखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर असतो, मुंबईत तो त्या वेळी ४७ अंशांवर असतो. म्हणून 'ला कास्काद' या इमारतीचा दक्षिणेकडचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा मागे सरकवला. त्यामुळे प्रत्येक घराच्या सज्जात ऊन येते, कोणी कोणाचे अडवत नाही.

बांधकामाला मिळत ते बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचे मोजके महिने. गवंडी, नळकारागीर, फरशीवाला यांची वाट पाहायला सवड कुठली! तेव्हा १८००साठी अख्खे न्हाणीघरच काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरचे कारखान्यात ओतवून आणले आणि जागेवर बसवले. खोल्या लहानच होत्या. पण स्वयंपाकाचा ओटा बैठकीकडे उघडा ठेवला होता. सुट्टीवर आलेल्या बाईने भिंतीआड एकटीने राबू नये, हा पेरियांचा आग्रह. आमच्या मते साऱ्या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. आपल्याकडच्या किती वास्तुकारांना तेव्हा ती सुचली होती?

सर्वांना परवडणारी सुट्टी हे स्वप्न मात्र अर्धेच उतरले. आल्प्समधील अशा वसाहतींतली बरीच घरे खाजगी मालकीची झाली. मालक वर्षातून दोन-तीन आठवडे येतो, एरवी कुलूप. तापमान वाढत चालल्याने कमी उंचीवरच्या काही क्रीडास्थळांना बर्फाअभावी गाशा गुंडाळावा लागला आहे, आणि उंचावरच्या जागांची मागणी त्यामुळे आणखीच वाढते आहे. तरीही त्या कुलूपबंद घरांतल्या खाटा रिकाम्याच असतात. फ्रेंच लोकांनी त्यांना नाव दिले आहे, 'थंड खाटा'.