‘पोलीस ॲक्शन’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थप्रवास आणि मराठवाड्याची स्मृती

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्याच्या नायगाव, बिलोली, देगलूर या परिसरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. या सीमाभागातील जुन्या पिढीच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्दप्रयोग मात्र चारही भाषांत जवळजवळ सारख्याच रूपाने आढळतो. तो म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’. अमुक माणसाचा जन्म ‘पोलीस ॲक्शनच्या साली’ झाला, तमुक वाडा ‘पोलीस ॲक्शनच्या वक्ताला’ पडला, अशी कालगणना मराठवाड्यात दीर्घकाळ रूढ होती. इसवी सन शाळेत शिकविला जाई आणि फसली सन महसुलाच्या दप्तरात लिहिला जाई. परंतु ज्यांचा या दोहोंशी फारसा संबंध नव्हता, त्यांनी सप्टेंबर १९४८ मधील पाच दिवस हीच काळाची सीमारेषा मानली.

ज्या घटनेत रणगाडे, तोफखाना आणि विमाने वापरली गेली, तिचे नेतृत्व एका मेजर जनरलने केले आणि तिचा शेवट एका सैन्याच्या शरणागतीने झाला, त्या घटनेला ‘पोलीस’ हा शब्द का लागला? आणि तो शब्द ज्यांच्या भूमीवर हे घडले त्यांच्या कानांवर पडला तेव्हा त्यांना त्यातून काय कळले असेल? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘पोलीस’ शब्दाची वाट

‘पोलीस’ या शब्दाचे मूळ ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे नगर या शब्दात आहे. त्यापासून नागरिकत्व, राज्यव्यवस्था या अर्थाचा ‘पोलितेइया’ हा शब्द झाला. तो लॅटिनमध्ये ‘पोलितिया’ आणि फ्रेंचमध्ये ‘पोलिस’ होऊन इंग्रजीत उतरला. ‘पॉलिटिक्स’ हा त्याच घराण्यातला. राज्यकारभाराचे धोरण या अर्थाची ‘पॉलिसी’ही त्याच कुळातील सख्खी बहीण. आयुर्विम्याची ‘पॉलिसी’ मात्र नात्यातली नाही. ती ग्रीक ‘अपोदेइक्सिस’ म्हणजे पुरावा या शब्दापासून, इटालियन ‘पोलिझ्झा’ या पावतीवाचक शब्दामार्गे आली. कानाला सारखे वाटणारे ‘पॉलिश’ आणि ‘पोलाइट’ हे शब्द तर घासून गुळगुळीत करणे या अर्थाच्या निराळ्याच लॅटिन धातूचे आहेत. ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सांगण्याचा मोह किती फसवा असतो, हे दाखविण्यासाठी एवढे एक कुटुंब पुरेसे आहे.

आरंभी या शब्दाचा गणवेशधारी शिपायाशी काहीच संबंध नव्हता. नगराची सुव्यवस्था हा त्याचा अर्थ होता. पॅरिसमध्ये १६६७ साली निर्माण झालेल्या पोलीसप्रमुखाच्या पदाकडे रस्त्यावरचे दिवे, कचरा आणि पावाचा पुरवठा हीदेखील कामे होती. ॲडम स्मिथने अठराव्या शतकात ग्लासगो येथे दिलेल्या व्याख्यानांत ‘पोलीस’ या सदराखाली स्वच्छता, सुरक्षितता आणि वस्तूंची स्वस्ताई यांचा विचार केला होता. पुढे लंडनमध्ये टेम्स नदीवरील गोदीच्या रक्षणासाठी १७९८ मध्ये आणि शहरासाठी १८२९ मध्ये पगारी दले उभी राहिली, तसतसा व्यवस्थेचा वाचक शब्द ती व्यवस्था राखणाऱ्या माणसांचा वाचक बनला. हिंदुस्थानात १८६१ चा पोलीस कायदा झाला तेव्हा हे अर्थांतर पूर्ण झाले होते. आपल्याकडे शब्द आला तो नगराचा सुगंध गमावून, हातात दंडुका घेऊनच.

‘ॲक्शन’चा इतिहासही सरळ नाही. रोमन कायद्यात ‘ॲक्तिओ’ म्हणजे न्यायालयात दाद मागण्याची कृती, म्हणजेच दावा. इंग्रजी कायद्यात तो अर्थ अद्याप जिवंत आहे. त्याच वेळी लष्करी भाषेत हाच शब्द चकमकीचा वाचक आहे. न्यायालय आणि रणांगण या दोन्ही ठिकाणी चालणारा शब्द राज्यकर्त्यांना सोयीचा वाटावा, यात नवल नाही.

निजामी मुलखातील ‘पोलीस’

हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांमध्ये १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली आणि पोलीस खात्याचीही नव्याने घडण झाली. या खात्याची भाषा मात्र फारसी-उर्दू राहिली. राजधानीच्या पोलीसप्रमुखाला ‘कोतवाल’ म्हणत. ठाण्याचा अंमलदार ‘अमीन’ असे. कोतवाल हा मूळचा ‘कोटपाल’, म्हणजे किल्ल्याचा रक्षक. तोच शब्द हैदराबादेत बड्या अधिकाऱ्याचा मान मिळवून बसला आणि महाराष्ट्राच्या महसूल व्यवस्थेत तलाठ्याच्या हाताखालच्या गावकामगाराला चिकटला.

खेड्यात इंग्रजी शब्द पोहोचला तो ‘पोलीस पटेल’ या जोडनावातून. संस्थानातील गावगाडा माली पटेल, पोलीस पटेल आणि पटवारी या तिघांच्या हाती असे. माली पटेल महसुलाचा, पोलीस पटेल बंदोबस्ताचा. ‘माली’ हा येथे बागवान नव्हे, तर अरबी ‘माल’ म्हणजे महसूल यावरून झालेला शब्द होय. ‘माली पाटील’ या आडनावात तो आजही टिकून आहे. म्हणजे नायगावसारख्या गावाला १९४८ पूर्वीच ‘पोलीस’ ठाऊक होता. तो गावचा पटेल होता, ठाण्याचा अमीन होता आणि शेवटच्या वर्षी तर रझाकारांच्या बरोबरीने फिरणारा निजामाचा शिपाई होता.

या परिसराने त्या काळाची किंमत मोजली होती. बिलोलीजवळील अर्जापूर येथे १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढे लढा सशस्त्र झाला. नायगावच्या शेजारच्या उमरी येथे ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली. निजामाच्या पोलिसांच्या लेखी तो दरोडा होता; चळवळीच्या लेखी लढ्याच्या खर्चाची तजवीज होती. ‘रझाकार’ हा शब्दही मुळात स्वेच्छेने सेवा करणारा, स्वयंसेवक, एवढ्याच अर्थाचा. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या संघटनेने त्याला जो अर्थ दिला, त्यानंतर मराठवाड्यात तो पुन्हा कधीही साधा स्वयंसेवक होऊ शकला नाही.

तेव्हा १९४८ मध्ये या भागातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ‘पोलीस’ म्हणजे ज्यांच्यापासून सुटका हवी ते. आणि सुटका करण्यास जे आले, त्यांच्या मोहिमेचे नाव ‘पोलीस ॲक्शन’. हा विरोधाभास कोणाला खटकल्याचे दिसत नाही. कारण नाव गावासाठी ठेवलेलेच नव्हते.

नाव कोणासाठी?

भारत सरकार आणि निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला होता. त्यानंतरच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नोंदविली. येथे शब्द निर्णायक ठरतो. दोन सार्वभौम राष्ट्रांत होते ते ‘युद्ध’. हैदराबादवरील चालीला युद्ध म्हटले असते, तर हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र आहे, हे आपल्याच तोंडाने मान्य केल्यासारखे झाले असते. याउलट पोलीस आपल्याच हद्दीत जातात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार एखाद्या देशाच्या अंतर्गत बाबीत त्या संघटनेला सामान्यतः हस्तक्षेप करता येत नाही. ‘पोलीस’ या शब्दाने ती बाब अंतर्गत आहे, हे न सांगता सांगितले. एका विशेषणात अख्खा कायदेशीर युक्तिवाद सामावला होता.

सैन्याच्या कागदावर मात्र मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. ‘पोलो’ हा शब्द बाल्टी भाषेतील, अर्थ चेंडू. ‘पोलीस’शी त्याचे नाते केवळ कानापुरते. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाली. औरंगाबाद, जालन्याच्या बाजूनेही तुकड्या आत शिरल्या. १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ तारखेला जनरल अल इद्रूस यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले. पोलिसी कारवाईनंतर लष्करी राजवट यावी, एवढ्यावरूनच नाव आणि वस्तू यांतील अंतर स्पष्ट व्हावे.

हा शब्दप्रयोग भारतापुरता मर्यादित नव्हता. जुलै १९४७ मध्ये हॉलंडने इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर हल्ला केला आणि त्याला ‘पोलिसी कारवाई’ असेच नाव दिले. युक्तिवादही तोच होता : वसाहत आमची, म्हणून प्रश्न घरचा. त्या वेळी भारताने ऑस्ट्रेलियाच्या बरोबरीने हा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी दुसरी ‘पोलिसी कारवाई’ केली, तेव्हा जानेवारी १९४९ मध्ये नवी दिल्लीत इंडोनेशियाच्या प्रश्नावर परिषद भरली. म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी अमान्य असलेला शब्द आपल्या तोंडी मान्य झाला होता. दोन्ही प्रसंग एका मापाने मोजणे अर्थातच अन्यायाचे होईल. जावामध्ये परकी सत्ता परत येऊ पाहत होती. मराठवाड्यात लोकांनी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली विलीनीकरणासाठी तुरुंगवास आणि मृत्यू पत्करला होता. तरीही शब्दाचे काम दोन्हीकडे सारखेच होते : बाहेरच्यांनी यात बोलू नये, असे सुचविणे. जून १९५० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीही कोरियातील लढाईला हेच नाव मान्य केले.

नावाखाली झाकलेले

सुव्यवस्था हा ‘पोलीस’ शब्दाचा सर्वांत जुना अर्थ. नेमकी तीच सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांत अनेक गावांतून नाहीशी झाली. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड त्यांच्याशी संबंध नसलेल्या मुस्लिम कुटुंबांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा केला होता. त्यांपैकी किमान १८,००० मृत्यू उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतील असल्याचे त्यात म्हटले होते. हा अहवाल वाचताना जुन्या सीमा ध्यानात घ्याव्या लागतात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदरमध्ये होते. नायगाव परिसर नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यात मोडत होता. म्हणजे सर्वाधिक होरपळलेल्या चारपैकी तीन जिल्ह्यांत आजच्या नांदेड-लातूरचा प्रदेश येतो. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो संपूर्ण स्वरूपात २०१३ मध्ये वाचकांसमोर आला. ‘युद्ध’ म्हटले असते तर युद्धोत्तर हिशेब मागितला गेला असता. पोलिसी कारवाईची नोंद ठाण्याच्या डायरीत होते आणि डायरी मिटते.

एक आठवडा, अनेक नावे

या घटनेवरील ग्रंथांची केवळ शीर्षके पाहिली तरी लेखक कोठे उभा आहे हे कळते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणींच्या शीर्षकात ‘स्वातंत्र्यलढा’ आहे. भारताचे तेथील प्रतिनिधी क. मा. मुन्शी यांना हा ‘एका युगाचा अंत’ वाटला. व्ही. पी. मेनन यांनी त्याला संस्थानांच्या ‘एकीकरणा’त बसविले, तर निजामाचे अखेरचे पंतप्रधान लायक अली यांनी ‘शोकांतिका’ म्हटले. उर्दू लेखनात ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचे पतन, हा शब्द रूढ झाला. मराठीत ‘मुक्तिसंग्राम’ स्थिरावला. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले तेही १७ सप्टेंबर हाच दिवस साधून. नावांचा वाद मिटलेला नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने हा दिवस ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून साजरा केला, तेव्हा तेलंगणाच्या तत्कालीन सरकारने त्याच दिवशी ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ पाळला.

‘पोलीस ॲक्शन’चे शब्दशः मराठी रूप ‘पोलीस कारवाई’. ते लेखनात आढळते, पण बोलण्यात कधी मुरले नाही. आज ‘पोलीस कारवाई’ म्हटले की जुगाराच्या अड्ड्यावरचा छापा डोळ्यांपुढे येतो. १९४८ आठवत नाही. इंग्रजी शब्द मात्र परका असल्यामुळेच टिकला असावा. ‘मुक्ती’ म्हणणाऱ्याला ‘सुकूत’ म्हणता येत नाही आणि ‘सुकूत’ म्हणणाऱ्याच्या तोंडी ‘मुक्ती’ येत नाही. बिलोली-देगलूरच्या वाटेवरील गावांत मराठी घरातील म्हातारी आणि उर्दू घरातील म्हातारी आपापल्या घरची त्या वर्षाची हकिगत सांगू लागल्या, की दोघींच्याही हकिगतीचा आरंभ ‘पोलीस ॲक्शन’ याच शब्दांनी होत असे.