भिडूचा हात कापू नये

लखनौला पोस्टिंग झाली की ओळखीची माणसं तीनच गोष्टी विचारतात: कबाब, चिकनचे कुर्ते आणि बुद्धिबळ. बुद्धिबळाची ख्याती प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी' या १९२४ च्या कथेची, आणि तिच्यावर सत्यजित राय यांनी १९७७ साली काढलेल्या चित्रपटाची. राज्य बुडत असताना पटावर वाकून बसलेले दोन सरदार आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले आहेत. इथल्या छावणीत मात्र मला बुद्धिबळाचा पट क्वचितच दिसला. दिसले ते पत्ते, आणि पत्त्यांत कोट पीस. चाळिशी उलटल्यावर मी हा डाव शिकलो आणि शिकता शिकता आपल्याच इतिहासातल्या दोन-तीन वर्षांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला कोट पीस परका नाही. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू. मेंढीकोटात जीव दश्श्यांवर असतो, इथे हातांवर. आपण ज्याला हात म्हणतो त्याला इथे 'सर' म्हणतात. तेरांपैकी सात सर आधी करणारी जोडी डाव जिंकते आणि पहिले सातही ओळीनं केले तर समोरच्यांवर कोट चढतो. इराणात 'होक्म' नावाचा डाव खेळतात, तो जवळजवळ असाच आहे.

शब्दांची गंमत सांगायला हवी. मराठीत हुकूम म्हणजे ज्या रंगानं कापायचं तो रंग. इथे त्याला तुरुप म्हणतात, आणि 'हुकुम' म्हणजे आपलं इस्पिक! साताऱ्याचा जवान आणि सुलतानपूरचा जवान पहिल्यांदा भिडू झाले, की आधी शब्दकोश जुळवावा लागतो. बदामाला पान, चौकटीला ईंट, किलवरला चिड़ी. हे एकदा ठरलं की मग भाषेची गरजच उरत नाही, कारण खेळताना बोलायचं नसतं.

मला शिकवलं एका निवृत्त सुभेदार मेजर साहेबांनी. त्यांची पद्धत परेड ग्राउंडवरची: थोडं सांगायचं, पुष्कळ करून घ्यायचं. पहिला धडा तुरुपाचा. आधी प्रत्येकाला पाचच पानं मिळतात. तेवढ्यावर एकानं तुरुप बोलायचा, मग उरलेली आठ पानं चार-चार करून येतात. मेसमधल्या ब्रिजमध्ये निदान स्वतःची तेरा पानं पाहून बोली लावता येते. इथे निर्णय आधी, माहिती नंतर. फौजेतल्या माणसाला हे नवीन नाही. चुकीचा तुरुप बोललात तरी डाव त्यातूनच काढायचा असतो.

दुसरा धडा भिडूचा. "साहब, पत्ता बोलेगा, आप नहीं," हे ते दर डावाला म्हणत. भिडूनं कुठल्या रंगाची उतारी केली, कुठे मोठं पान राखलं, कुठे हलकं टाकलं, यावरून त्याच्या हातात काय आहे ते ओळखायचं. भुवई उडवणं, खाकरणं, पान आपटणं हा सगळा बेइमानीचा प्रकार. आणि सगळ्यात मोठा नियम: भिडूचं पान हात जिंकत असेल, तर त्यावर तुरुप मारायचा नाही. आपलं तुरुप वाया जातं, त्याचा एक्का मरतो, आणि समोरचे दोघं काही न करता पुढे सरकतात.

या नियमापाशी मला लखनौ आणि पुणे एकदम आठवली.

अवध खेळापायी बुडालं, असं सर्रास म्हटलं जातं. पण कागद पाहिले तर डाव आधीच हातातून गेला होता. १८०१ साली नवाब सआदत अली खान यांनी कंपनीशी तह केला. सुमारे निम्मा मुलूख कंपनीला गेला, नवाबाची बरीचशी फौज मोडली गेली, आणि संरक्षणाची जबाबदारी कंपनीनं घेतली. म्हणजे ज्याच्या समोर खेळायचं त्यालाच भिडू करून घेतलं. पुढे पंचावन्न वर्षं तोच भिडू एकेक हात गोळा करत राहिला. फेब्रुवारी १८५६ मध्ये औट्रमनं खालसाचा कागद पुढे केला, तेव्हा वाजिद अली शाहनं सही नाकारली. नकारामागे उभं राहायला फौज नव्हती. त्या वेळी तो बुद्धिबळ खेळत असता काय किंवा कवायत करत असता काय, फार फरक पडला नसता.

लखनौच्या तहाच्या वेळी गव्हर्नर जनरल होता रिचर्ड वेलस्ली. पुढच्याच वर्षी पत्ते पुण्याला वाटले गेले, आणि पिसणारा तोच होता.

आपल्याकडे तर भिडूंनी एकमेकांचे हात कापले. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावानं विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्यानं कंपनीची तैनाती फौज स्वीकारली: ६,००० शिपाई आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. पुढच्या वर्षी शिंदे आणि नागपूरकर भोसले लढायला उभे राहिले, तेव्हा यशवंतराव बाजूला राहिले. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. आर्थर वेलस्लीचे, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावाचे, दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. तरी मैदान त्याच्याकडे गेलं. डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला तह केला. १८०४ साली यशवंतराव लढायला उतरले, आणि चांगले लढले. पण तोवर भिडूंची पानं संपली होती.

होळकरांना दोष देणं सोपं आहे. ज्याच्या भावाला हत्तीच्या पायी दिलं, त्यानं त्याच हाताला आपला हुकूम का द्यावा? हाही प्रश्न खराच. भरवसा युद्धाच्या दिवशी तयार होत नाही. तो आधीच्या शंभर डावांत जमतो किंवा मोडतो. मराठ्यांकडे पानं कमी नव्हती. घोडदळ होतं, कवायती पलटणी होत्या, तोफा होत्या. समोरच्या भिडूनं टाकलेलं पान आपल्यासाठी आहे, एवढा विश्वास तेवढा नव्हता.

फौजेत आपण 'बडी' म्हणतो. दोन जवानांची जोडी लावून देतो: एक झोपला की दुसरा जागा, एक पुढे सरकला की दुसऱ्याचं फायर. जोडी कागदावर लावायला पाच मिनिटं लागतात. ती खरी व्हायला किती वेळ लागतो, हे कंपनी कमांड केलेला कुणीही सांगेल. म्हणून बराकीत चार जवान चटईवर कोट पीस खेळताना दिसले, तर मी हटकत नाही. पैसा लागलेला नाही ना, एवढं पाहतो. चौघं चार मोबाइलांत डोकं घालून बसले असतील, तर मात्र मला काळजी वाटते. मोबाइलवरचा खेळही खेळच, पण तिथे समोरच्याचं पान वाचायला लागत नाही.

सुट्टीवर घरी जाल तेव्हा मेंढीकोट मांडा. पोरांना भिडू म्हणून समोर बसवा, आणि हुकूम शिकवायच्या आधी एवढं शिकवा, की भिडू जिंकत असेल तेव्हा आपण हलकं पान टाकायचं.