कुत्र्यांमधील जन्मजात हृदयदोषांवरील कॅथेटर उपचार

कुत्र्यांमधील जन्मजात हृदयदोषांवरील कॅथेटर उपचार म्हणजे छाती न उघडता, मांडीतील किंवा मानेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेऊन तेथील दोष दूर करण्याची किंवा त्याची तीव्रता कमी करण्याची पशुवैद्यकीय पद्धत होय. पेटंट डक्टस आर्टेरिओसस (पीडीए) आणि फुप्फुस धमनीच्या झडपेची अरुंदता या दोन दोषांवर ती प्रामुख्याने वापरली जाते. पीडीए वेळेत बंद केल्यास बहुतेक कुत्री सामान्य आयुष्य जगतात. उपचार न केल्यास निम्म्याहून अधिक पिल्ले निदानानंतर वर्षभरात दगावतात.

पेटंट डक्टस आर्टेरिओसस

गर्भावस्थेत फुप्फुसांचे कार्य सुरू झालेले नसते. त्यामुळे फुप्फुस धमनीतील बरेचसे रक्त डक्टस आर्टेरिओसस या आखूड वाहिनीतून थेट महाधमनीत जाते. जन्मानंतर काही तासांत ते काही दिवसांत या वाहिनीच्या भित्तिकेतील स्नायू आकुंचन पावून ती बंद होते. काही पिल्लांमध्ये हे स्नायू अपुरे असल्याने वाहिनी उघडीच राहते. महाधमनीतील दाब जास्त असल्यामुळे रक्त उलट फुप्फुसांकडे वाहू लागते, हृदयाच्या डाव्या बाजूवर अतिरिक्त भार पडतो आणि पुढे हृदय निकामी होते.

पूडल, पोमेरेनियन, माल्टीज, जर्मन शेफर्ड, कोली इत्यादी जातींत हा दोष अधिक आढळतो. नरांपेक्षा माद्यांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते.

निदान

स्टेथोस्कोपने ऐकल्यास हृदयाच्या ठोक्यांबरोबर अखंड घरघर (मर्मर) ऐकू येते. हा आवाज डाव्या काखेजवळ, वरच्या भागात सर्वांत स्पष्ट असतो. तपासणी केवळ छातीच्या खालच्या भागापुरती राहिल्यास तो निसटू शकतो; म्हणून पहिल्या लसीकरणाच्या वेळी काखेपर्यंत तपासणी करणे महत्त्वाचे ठरते. मांडीतील नाडी जोरकस लागते. इकोकार्डिओग्राफीने निदान निश्चित होते.

उपचाराची पद्धत

डाव्या बाजूने छाती उघडून वाहिनीला टाके बांधणे ही जुनी आणि आजही प्रचलित असलेली शस्त्रक्रिया आहे. कॅथेटर पद्धतीत कुत्र्याला पूर्ण भूल देऊन मांडीतील धमनीतून नळी आत नेली जाते. रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांच्या साहाय्याने वाहिनीचा सर्वांत अरुंद भाग मोजला जातो. त्यानंतर निटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या जाळीचे अवरोधक उपकरण बसवले जाते. दोन चकत्या व त्यांना जोडणारी बारीक कंबर अशी त्याची रचना असते. एक चकती फुप्फुस धमनीच्या बाजूला उघडते, तर वाटीसारखी दुसरी चकती वाहिनीच्या रुंद भागात बसते. उपकरणाच्या कंबरेचा व्यास वाहिनीच्या अरुंद भागाच्या साधारणतः 1.5 ते 2 पट निवडतात. जाळीत रक्त गोठून प्रवाह थांबतो.

उपकरण निसटून फुप्फुसात जाणे, रक्तस्राव आणि थोडा प्रवाह शिल्लक राहणे हे यातील संभाव्य धोके आहेत. सुमारे 3 किलोपेक्षा कमी वजनाच्या पिल्लांची मांडीतील धमनी या नळीसाठी बहुधा अपुरी पडते. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया किंवा शिरेतून धातूची वेटोळी (कॉइल) बसवण्याचा पर्याय असतो.

फुप्फुस धमनीच्या झडपेची अरुंदता

या दोषात झडपेची पटले जाड किंवा एकमेकांना चिकटलेली असतात आणि उजव्या निलयाला जास्त जोर लावावा लागतो. शिरेतून नेलेला फुगा झडपेत फुगवून ती रुंद केली जाते. यामुळे दोष नाहीसा होत नाही, परंतु झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक घटतो. बुलडॉग व बॉक्सर जातींच्या काही कुत्र्यांत डावी हृद्धमनी उजवीपासून निघून फुप्फुस धमनीच्या मुळाला वेढा घालते. अशा वेळी फुगा फुगवल्यास ती फाटून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून या जातींत हृद्धमन्यांची रचना आधी तपासली जाते.

मर्यादा

फुप्फुसातील दाब वाढून पीडीएमधील प्रवाहाची दिशा उलटली असेल, तर वाहिनी बंद करणे प्राणघातक ठरते. अशा कुत्र्यांत अखंड घरघर नाहीशी होते आणि शरीराचा मागील भाग निळसर पडतो. महाधमनीच्या झडपेखालील अरुंदतेवर फुग्याने सुरुवातीला दाब घटतो, मात्र ॲटेनोलॉल या औषधाच्या तुलनेत आयुर्मान वाढल्याचे आढळलेले नाही. निलयांमधील पडद्याच्या लहान छिद्रांना बहुधा उपचाराची गरज नसते.

इतिहास

मानवातील पीडीए बांधण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 मध्ये बॉस्टन येथे केली. 1967 मध्ये जर्मनीतील व्हेर्नर पोर्स्टमान यांनी छाती न उघडता पीडीए बंद केल्याचे प्रसिद्ध केले. कुत्र्यांमध्ये फुग्याचा उपचार 1980च्या दशकात, तर कॉइलचा वापर 1990च्या दशकात सुरू झाला. कुत्र्यांच्या वाहिनीच्या आकाराला अनुरूप असे ॲम्प्लॅट्झ कॅनाइन डक्ट ऑक्लूडर हे उपकरण 2000च्या दशकात वापरात आले. रेडिओलॉजिस्ट कुर्ट ॲम्प्लॅट्झ यांचे नाव त्याला आहे.

आनुवंशिकता

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डोनाल्ड पॅटरसन यांनी पूडल कुत्र्यांच्या अभ्यासातून पीडीए आनुवंशिक असल्याचे दाखवले. उपचाराने कुत्रे बरे झाले तरी दोषाची जनुके कायम राहतात. त्यामुळे अशा कुत्र्यांपासून पैदास न करण्याचा सल्ला दिला जातो.