पाय घसरलेल्या मजुराचा हक्क

मळवली स्थानकाच्या दक्षिणेस भाज्याचा डोंगर आहे. त्याच्या काळ्या कड्यांत इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत लेणीं कोरण्यास आरंभ झाला. तेथील एका पाण्याच्या टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत या दात्याचें नांव अद्याप वाचतां येतें. छिन्नी चालवितांना त्या कड्यावरून ज्याचा पाय घसरला असेल, त्याची नोंद मात्र तेथें कोठेंच नाहीं.

याच जातीच्या पाषाणाशीं मजुरांची पुन्हां गांठ पडली ती आगगाडीच्या काळीं. पुणें-खंडाळा मार्ग १८५८ सालीं सुरू झाला. पण त्याखालचा बोरघाट बांधण्यास १८५६ पासून १८६३ पर्यंतचा काळ लागला. सुमारें सोळा मैलांत १८३१ फूट चढ आणि २५ बोगदे! जानेवारी १८६१ मध्यें ४२,००० हून अधिक माणसें या कामावर होतीं. जेथें पाऊल ठेवण्यास जागा नसे, तेथें मजुरास दोरानें कड्यावरून खालीं सोडीत, आणि तो लोंबकळत सुरुंगासाठीं भोकें पाडी.

अशा ठिकाणीं हातपाय मोडलेल्याचें पुढें काय होई? दुसऱ्याच्या अपराधामुळें मेलेल्याच्या कुटुंबास दावा लावण्याची सोय १८५५ च्या कायद्यानें झाली होती. पण अपराध शाबीत करण्याचें ओझें त्या निरक्षर विधवेवर! इंग्लंडांत तर १८३७ च्या एका निकालापासून, सोबतच्या चाकराच्या चुकीबद्दल धनी जबाबदार नाहीं, असें मानीत. दोर धरणारा हाही चाकरच. तेव्हां दोर सुटला तरी धनी मोकळा. याला न्याय म्हणणें कठीण आहे.

हिंदुस्थानांत कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्यानें चूक कोणाची हा वाद बहुतांशीं मागें टाकला. इजा कामामुळें व काम चालू असतांना झाली, एवढें पुरें. बेसावधपणें पाय घसरला म्हणून हक्क बुडत नसे; दारूची धुंदी किंवा जाणूनबुजून केलेला नियमभंग यांची गोष्ट निराळी. आपल्या धंद्याचें काम ठेकेदाराकडे सोंपवून धन्यास हात झटकतां येईनात. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचें वेतन किंवा अडीच हजार रुपये, यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती वारसांस मिळे.

परंतु काम बंद पडण्याचा काळ दहा दिवसांहून अधिक नसेल, तर कांहींच मिळत नसे. पाय मुरगळून आठ दिवस घरीं बसलेल्या रोजंदाराची चूल त्या आठ दिवसांत कशी पेटावी, याचा विचार त्या कायद्यांत नव्हता. ही मुदत १९३३ सालीं सात दिवसांवर आणि १९५९ सालीं तीन दिवसांवर आली.